लोणीहून आणलेला दांडा

आमच्या गॅलरीत पूर्वी तुळस, दोन जास्वंदी आणि एक वेताची खुर्ची असायची. आता तिथे रंधा, करवती, शिकंजे आणि अशोक असतो. अशोक म्हणजे माझा नवरा. कंपनीतून निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. ह्याला सुतारकामाचं वेड लागलं, तेही मोबाईलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून. ते लोक ओक, मेपल, वॉलनट अशी नावं घेतात, आणि आमचा अशोक पुण्याच्या लाकूडबाजारात जाऊन मेपल आहे का विचारतो. पहिलं काम म्हणून त्यानं एक स्टूल पूर्ण केलं. त्यावर बसताना उजव्या पायावर जरा जोर ठेवावा लागतो, एवढं सोडलं तर ते चांगलं आहे.

दुसरं काम मात्र स्टुलाचं नव्हतं. आमच्या मुक्तानं आणि जावयानं मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. नाव नोंदवून झालं, घर बघायला माणसं येऊन गेली, आता नुसता फोन यायचा बाकी होता. तो कधी येईल हे कोणी सांगत नाही. मुक्तानं हे आम्हाला सांगितलं तेव्हा मी रडले, हसले, तिच्या तोंडात साखर घातली. अशोक गप्प बसून राहिला. मग "बरं" म्हणून उठला आणि गॅलरीत जाऊन पटाशीला धार लावायला लागला. मुक्ता निघताना दारात मला हळूच म्हणाली, "आई, बाबांना आवडलेलं नाही ना?"

"अगं, त्याला श्रीखंड आवडतं तेव्हाही तो असाच गप्प असतो," मी म्हटलं.

तिला ते पटलं नाही. खरं सांगू? मलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. एवढी वर्षं संसार केला तरी ह्या माणसाच्या मनातलं काढायला मला अजून पक्कड लागते. दुसऱ्या दिवशी चहा पिताना तो एकदम म्हणाला, "पाळणा मी करणार. दुकानातला आणायचा नाही." मी लगेच मुक्ताला फोन केला. ती म्हणाली, "हे बाबा मला का नाही सांगत?" मी गॅलरीकडे बघितलं. धार लावणं चालूच होतं.

पुण्यात सागवानाचा भाव ऐकून अशोकनं कानात काही गेल्यासारखा चेहरा केला. त्याच्या ओळखीचा एक जण म्हणाला, जुन्नर-आंबेगावकडे जा. तिकडे लोक जुनी घरं उतरवून स्लॅबची बांधतायत, मुरलेलं लाकूड गोठ्यांत, माळ्यांवर पडलेलं असतं. बाभूळ तर आहेच. झालं. दिवाळी उरकल्यावर आम्ही गाडी काढली. वर कॅरियर, मागे दोऱ्यांचं भेंडोळं, आणि अशोकच्या खिशात लाकडाची ओल मोजायचं यंत्र. दोन सुया लाकडात टोचल्या की ते आकडा दाखवतं.

चाकणच्या पुढे गेल्यावर त्यानं मला नियम सांगितला. "लाकूड कशासाठी हवंय ते कोणाला सांगायचं नाही. बाळासाठी म्हटलं की भाव चढतो. आणि तू तर मुळीच बोलायचं नाहीस."

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. न बोलता तीन दिवस काढायचे म्हणजे मला शिक्षाच. पण मी कबूल केलं. भावाचं कारण मला तितकंसं खरं वाटलं नव्हतं. ह्याला ते शब्द तोंडातून काढायचेच नसतील तर, अशी एक शंका मनात आली आणि ती घेऊनच मी नारायणगावला उतरले.

निमगाव सावा

नारायणगावच्या खानावळीत मासवडी खाल्ली. पुण्यातल्या वाचकांसाठी सांगते, हिच्यात मासा नसतो. बेसनाच्या आवरणात तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण, आणि सोबत असा रस्सा की नाक पुसायला रुमाल वेगळा ठेवावा. अशोकनं वडी उभी धरून तिचा काप बघितला आणि म्हणाला, "सांधा कुठे दिसत नाही." मी म्हटलं, "खा आता."

मग पूर्वेला निमगाव सावाकडे निघालो. दोन्ही बाजूंना ऊस आणि कांदा. उसाच्या कडेनं एकट्यानं कोणी चालत नव्हतं, बायका चौघी-चौघी मिळून, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून चालल्या होत्या, बिबट्यासाठी. आमच्याकडे पुण्यात तशीच गाणी बसमध्ये लावतात, पण तिथे बिबट्याही नसतो.

गावात गणपतभाऊ सुतारांकडे चांगली बाभूळ मिळेल असं कळलं होतं. त्यांच्या अंगणात ओंडके, मागे पत्र्याच्या छपराखाली आरा, आणि पार आतल्या अंगाला, सावलीत, अंतर सोडून रचलेल्या सरळसोट बाभळीच्या फळ्या. अशोकची नजर तिथे गेली आणि तिथेच राहिली. ती बाभूळ विहिरीत बुडवून ठेवून, मग सावलीत सुकवलेली होती. तशी केली की किडा लागत नाही आणि चिरा पडत नाहीत. एवढं अशोकला व्हिडिओंतून नाही, त्याच्या आजोळच्या आठवणींतून माहीत होतं.

"कशाला पायजे?" गणपतभाऊंनी विचारलं. पुण्यातला दुकानदार बजेट विचारतो. इकडे पहिला प्रश्न हाच, आणि तो प्रत्येकानं विचारला.

"आहे एक काम," अशोक म्हणाला.

"कसलं?"

"लाकडी."

मी विहिरीकडे बघायला लागले. अशोकला वाटलं, नुसतं एवढं बोलून चालणार नाही, म्हणून त्यानं पुढे समजावलं. लाकूड हलकं हवं, पण भार पेलणारं. एका जागी उभं राहणारं काम नाही, हलतं आहे. कितीही धक्के बसले तरी सांधा ढिला पडता कामा नये. गणपतभाऊंचा चेहरा एकेका वाक्याला बंद होत गेला.

"कुनी पाठिवलं तुमाला?"

"कोणी नाही. पुण्याहून आलोय."

"पुण्याचं तर समदेच असत्यात, राव. मूळ गाव कंचं?"

अशोकनं अभिमानानं आपल्या आजोळचं, नदीपलीकडच्या गावाचं नाव सांगितलं. आमची सगळी हकीकत समजल्यासारखी गणपतभाऊंनी मान हलवली. आतल्या फळ्यांवर त्यांनी स्वतः जाऊन गोणपाट टाकलं. मग बाहेरचा एक ओंडका दाखवला. "ह्यो न्या. वाळून खडंग झालाय."

अशोकनं यंत्र काढलं आणि सुया टोचल्या. आकडा बघून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. ओंडका काल-परवा तोडलेला असावा. "हा ओला आहे," तो म्हणाला. गणपतभाऊ म्हणाले, "मिशीन उन्हानं बिघडलं आसंल." तोवर आजूबाजूची चार माणसं जमली होती. एकानं विचारलं, "कांद्याची ओल सांगतंय का हे?" शेजारीच कांद्याची चाळ होती. मग लाकूड राहिलं बाजूला आणि अशोक रांगेनं कांद्यांना सुया टोचत बसला. कोणीतरी डब्यातली भाकरी पुढे केली. भाकरीचा आकडा ओंडक्यापेक्षा कमी आला, त्यावर सगळे हसले, गणपतभाऊसुद्धा. पण गोणपाट काही हललं नाही.

खुलासा चहाच्या टपरीवर झाला. चहावाला म्हणाला, "जत्रा तोंडावर आलीय. भाऊ शर्यतीचे गाडे बनिवत्यात. हलकं पायजे, भार पेलणारं पायजे, धक्क्याला टिकणारं पायजे, आन कशाला ते सांगायचं न्हाई. वर आजोळ पलीकडचं. तुमी तिकडल्या गाडेवाल्यांचे हेर हाय म्हनून समद्या आळीला कळलंय."

मी इतकी हसले की चहा सांडला. "जाऊन सांग त्यांना खरं काय ते," मी म्हटलं. अशोकनं बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "उद्या मढला जाऊ." खाली मान घालून तो यंत्राच्या सुयांना लागलेला कांदा पुसत होता.

मढ

ओतूर सोडलं की देश संपतो. कांदा, ऊस, ट्रॅक्टर मागे राहतात, धरणाचं पाणी येतं आणि समोर सगळा डोंगरच. भात कापून झाला होता. खाचरांत नुसते खुंट, अंगणांत पेंढ्या, आणि खळ्याच्या कडेला हिरडा वाळत घातलेला. हवेला असा गारवा की अशोकनं मफलर काढला. तो मफलर बांधला की तो थेट निवडणुकीच्या ड्युटीवरचा मास्तर दिसतो, हे मी त्याला पुन्हा एकदा सांगितलं.

जुनं लाकूड आहे असं कळलं होतं त्या देवरामदादांचं घर गावाच्या वरच्या अंगाला. ते आणि त्यांच्या बायको हिराबाई, दोघंच होती. त्यांनी जुना गोठा उतरवला होता आणि त्याच्या जांभळाच्या मेढी, म्हणजे खांब, भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. अशोकनं टोचून बघितलं. कोरडं ठणठणीत. वरची काळी, शेणाची कड तासली की आत तांबूस लाकूड, एकसारखं. जुनं लाकूड घेणाऱ्यांना आम्ही शिकलो ते सांगते: बाहेरून बघून नाक मुरडू नका, आणि खिळे आधी शोधा, नाहीतर करवतीचे दात जातात. आमचे गेले.

पण खरा माल माळ्यावर होता. देवरामदादांच्या वडिलांच्या वेळची भाताची कोठी मोडली होती, आता भात पत्र्याच्या पिंपात असतो. त्या कोठीच्या शिसवीच्या फळ्या दादांनी खाली काढल्या, फडक्यानं पुसल्या, आणि अशोकनं माझा हात धरला. इतक्या वर्षांत माणसांदेखत ह्यानं माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. शिसवीला ते भाग्य मिळालं.

"काय बनिवनार?" दादांनी विचारलं.

अशोकनं निमगावचा धडा घेतला होता. आता त्यानं नाव न सांगता मापं सांगायचं ठरवलं. तीन फूट लांब, त्याच्या निम्मं रुंद. चारी बाजूंनी गज, खाली फळ्या. चार उंच पाय.

"उंच कशाला? खालून कायी शिरू नये म्हनून?"

"हो. तसंच."

"आन गजांत अंतर?"

"डोकं बाहेर येणार नाही एवढंच."

दादांनी मान डोलावली. "आत किती ऱ्हानार?"

"एकच."

"एकच?" दादांनी हिराबाईंकडे बघितलं. "लई लाडाची दिसतीय."

अशोक म्हणाला, "हो, आहे." मी तोंडात पदर कोंबला असता, पण मी पंजाबी ड्रेसमध्ये होते. दादा थोडा वेळ फळीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी फळ्या उचलल्या आणि परत माळ्यावर ठेवल्या.

"पावनं, राग मानू नका. माज्या बापाची कोठी हाय ही. ही काय कोंबडीच्या खुराड्याला घालायची चीज हाय का? तुमी जांभूळ न्या. घानीत बी सडत न्हाई."

अशोकचं तोंड उघडंच राहिलं. मी वाट बघितली. आता तरी बोलेल. एक शब्द बोलायचा होता, चार अक्षरीही नाही. त्यानं ओठ मिटले, घसा खाकरला आणि म्हणाला, "जांभूळ चालेल."

मला त्याचा भयंकर राग आला. मी तिथून उठले आणि आत चुलीपाशी गेले. हिराबाई नाचणीच्या भाकऱ्या थापत होत्या, उडदाची आमटी उकळत होती, नव्या तांदळाच्या भाताचा वास घरभर होता. त्यांनी मला पाट दिला आणि विचारलं, "कोंबडी कंच्या जातीची हाय, ताई?"

दिलेला शब्द मी मोडत नाही, तोंडावर हात ठेवून का होईना. "अजून आणलेली नाही," मी म्हटलं.

"कवा आननार?"

"ते आमच्या हातात नाही हो. फोन आला की जायचं."

हे बोलताना माझे डोळे भरून आले. हिराबाईंनी भाकरी थापायची थांबवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि माझ्या भातावर तुपाची आणखी एक धार सोडली. कोंबडीसाठी रडणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली असेल.

मेढी कॅरियरवर बांधल्या. निघताना दादांनी सांगितलं, "पातळ पट्ट्या आन वरचं सामान पायजे तर लोनीला जा. आमच्या खाचरात दरसाल मेंढरं बसवायला येत्यात ते धोंडिबा, त्यांच्याकडं मुरलेली बाभूळ हाय. माजं नाव सांगा." ह्या भागात हा एक छान रिवाज आहे. पूर्वेकडचे मेंढपाळ मेंढरं घेऊन पश्चिमेला येतात, रात्री खाचरांत बसवतात, शेताला खत मिळतं आणि त्यांना धान्य. लोणीचा माणूस मढला परका नसतो. पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर कोण राहतं ते मला माहीत नाही.

लोणी

परतीच्या वाटेवर मंचरहून लोणीचा रस्ता धरला. गाडीत आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही, त्यामुळे शांतता होती. मढच्या हिरव्यागार डोंगरानंतर इकडे उघडे माळ, बोरी-बाभळी, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याच्या शेतात बटाटा.

धोंडिबांचं घर मळ्यात होतं. आता त्यांच्याकडे शेतीच जास्त, पण कुंपणाच्या वाड्यात थोडी मेंढरं अजून होती आणि सत्तरी ओलांडलेल्या त्यांच्या आई, ठकूबाई, त्यांच्यात बसलेल्या होत्या. देवरामदादांचं नाव सांगताच खाट टाकली गेली आणि चहा आला, इतका गोड की चमचा उभा राहावा. बाभूळ खरोखरच चांगली होती. शेततळ्यात बुडवून सुकवलेली, करड्या सालीतून तपकिरी गाभा दिसणारी. धोंडिबांनी विचारलं, "कशाला पायजे?" अशोक म्हणाला, "घरच्याच कामाला." धोंडिबांनी पुढे विचारलं नाही. भाव ठरला, दोघांनाही तो पटला, पट्ट्या निवडून झाल्या. एक आडवा दांडा तेवढा मिळेना. उंच पायांच्या वर बसवून पाळणा ज्याला टांगायचा तो. सरळ असलेला प्रत्येक जाडीला कमी पडत होता.

तेवढ्यात मुक्ताचा फोन आला. मी अंगणाच्या कडेला जाऊन बोलायला लागले. तिनं पहिला प्रश्न केला तो लाकडाचा नव्हता. "बाबा काही बोलले का गं?" मी सांगणार होते, बोलतोय ना, कांद्याशी बोलला, शिसवीशी बोलला. पण तेवढ्यात माझं लक्ष पडवीकडे गेलं.

पडवीच्या वाशांना दोन दोऱ्यांनी एक दांडा टांगलेला होता. मनगटाएवढा जाड, काळसर, आणि हात लागून लागून इतका गुळगुळीत की त्याच्यावर ऊन घसरत होतं. मधोमध दोन ठिकाणी दोरी घासून जरा खोलगट झालेला. अशोकनं यंत्र काढलंच नाही. त्यानं दोन्ही हातांनी तो दांडा धरला, आपला भार त्यावर टाकला आणि हलकेच मागे-पुढे झोका दिला. एकदा, मग पुन्हा.

"ह्याचं काय घ्याल?" त्यानं विचारलं.

धोंडिबा आईकडे बघायला लागले. ठकूबाई मेंढरांतून उठल्या, काठी टेकत पडवीत आल्या. "त्यो आमी इकत न्हाई."

"बरं," अशोक म्हणाला, पण त्याचे हात दांड्यावरून निघाले नाहीत.

ठकूबाई त्याच्या हातांकडे बघत होत्या. "झोका देऊन बघतुयास बाबा. कुनाला निजवायचंय?"

तीन दिवसांत सगळ्यांनी विचारलं होतं, कशाला पाहिजे. कुणासाठी, हे कोणीच विचारलं नव्हतं. फोन माझ्या हातात तसाच चालू होता. मी तो कानापासून काढला आणि, मला काय सुचलं कोण जाणे, पुढे धरला.

"माझ्या नातीला," अशोक म्हणाला.

"कवा झाली?"

"झाली असेल. कुठे आहे ते अजून माहीत नाही." ह्या वेळी तो थांबला नाही. "माझी मुलगी मूल दत्तक घेतेय. कुठल्याही दिवशी फोन येईल. ती घरी येईल तेव्हा पाळणा तयार पाहिजे हो. तिला असं वाटता कामा नये की आम्ही वाट बघत नव्हतो."

लग्नापासून आजपर्यंत ह्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात मोठं भाषण. आणि फोनमधून मुक्ता ते ऐकत होती. मी काय करावं? उभ्या उभ्या रडले.

धोंडिबा अवघडून म्हणाले, "पन लेकरू जल्मायच्या आदी पाळना करत न्हाईत, आमच्याकडं तरी."

"जल्मलंय ते," ठकूबाई त्यांच्यावर डाफरल्या. "ऐकलं न्हाईस व्हय? जल्मलंय आन वाटंवर हाय. तू कुटं घरात जल्मला व्हतास? मेंढरं घाटावर चालली व्हती, वड्याच्या काठाला झालास. तुजी भैन माळशेजच्या वाटंला. आमची समदी लेकरं वाटंवनंच घरी आल्यात." मग अशोकला म्हणाल्या, "ह्यो दांडा वाटंवरचाच हाय. जिथं तळ पडंल तिथं दोन खुट्यांवर टाकायचा, झोळी बांधायची, आन कामाला लागायचं. आमच्या भावकीत ज्याच्या घरी तान्हं, त्याच्या घरी दांडा. आत्ता कुनाकडं तान्हं न्हाई म्हनून हितं टांगलाय."

त्यांनी धोंडिबांना दोऱ्या सोडायला सांगितलं. अशोक नको नको म्हणत होता, म्हणजे तोंडानं. हात पुढेच होते.

"पर एक हाय," ठकूबाई म्हणाल्या. "लेकरू चालाया लागलं की परत आनून द्यायचा. आन लेकराला संगं आनायचं. हितनं, ह्या दारातनं, त्यानं सवताच्या पायानं चालत यायचं. कुनी उचलून आनलं तर मी घ्यायची न्हाई."

अशोकनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग मुक्ताचा आवाज आला, लांबून यावा तसा. "आई, बाबा नात म्हणाले?" मी फोन अशोकच्या हातात दिला आणि मेंढरं बघायला गेले. सगळ्याच गोष्टी मी ऐकायला पाहिजेत असं काही नाही. पण पाठमोरा तो बराच वेळ उभा होता आणि मान सारखी हलवत होता, फोनवर मान हलवलेली दिसत नाही हे त्याच्या लक्षातच येत नव्हतं.

घरी

लोणीतून निघायच्या आधीच अशोकनं देवरामदादांना फोन लावला. जीभ एकदा सुटली की सुटते. "दादा, खुराडं नाही हो, पाळणा करायचाय. नातीचा." तिकडून इतका मोठा आवाज आला की मला शेजारी ऐकू आलं. "आरं मग बोलायचं न्हाई का, पावनं! हिरा म्हनतच व्हती, एका कोंबडीसाठी बाई रडंल कशी." शिसवीच्या फळ्या आठवड्याभरात भाजीच्या टेंपोतून पुण्याला आल्या. फुकट दिल्या नाहीत, आणि ते बरं झालं, नाहीतर अशोकनं त्यांना करवत लावायचंही धाडस केलं नसतं. त्यानं गणपतभाऊंनाही फोन केला. खरी हकीकत ऐकून ते मोठ्यांदा हसले आणि म्हणाले, "हा हा, पाळनाच आसंल. जत्रंत बघू कसा पळतुया ते." त्यांचा आजही विश्वास बसलेला नाही.

तर ज्यांना स्वस्त आणि चांगलं लाकूड हवंय त्यांनी तिकडे जरूर जावं. ओल बघावी, चिरा बघाव्यात, खिळे शोधावेत, वाहतुकीची कागदपत्रं नीट करून घ्यावीत. पण कशासाठी हवंय ते आधी सांगावं. तिकडे लाकूड माणसाला नाही, कामाला देतात.

पाळणा झाला. जांभळाचे पाय, बाभळीचे गज, शिसवीचा तळ, आणि वर लोणीचा दांडा. बाकी सगळ्याला अशोकनं घासून घासून तेल लावलं. दांड्याला त्यानं पॉलिश पेपर लावला नाही, फडक्यानं नुसता पुसला. पाळणा जमिनीवर चारी पायांनी टेकतो, हे मी मुद्दाम नमूद करते. फोन आला तेव्हा तो तयार होता. नात म्हणता म्हणता आला नातू. पहिले काही दिवस अशोक त्याला "झोपली का?" असंच विचारत होता आणि मुक्ता हसत सुटायची.

आता पाळणा लहान पडतो, पण मुक्तानं तो मोडू दिलेला नाही. परवा आम्ही तिच्याकडे गेलो होतो. नातू बाहेरून पाळण्याचे गज धरून उभा राहिला, मग त्यानं हात सोडले आणि आजोबांकडे बघत एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मी टाळ्या वाजवायला हात वर केले. अशोकनं पुढे होऊन त्याला उचललं आणि खाली बसवलं.

"अरे, चालतोय तो!" मी म्हटलं.

"पडला असता," अशोक म्हणाला. मग दांड्याकडे बघून, आवाज खाली आणून, "हे लोणीला इतक्यात कळवायचं नाही. आणि तू तर मुळीच बोलायचं नाहीस."

मी कबूल केलं. नातू तोवर पुन्हा उठून उभा राहिला होता, आणि त्याला धरायला ह्या वेळी अशोक काही पुढे झाला नाही.